शांत समुद्राच्या कांठीं

समुद्रावर गेल्याबरोबर प्रथम भरती-ओहोटीची चौकशी करावी, हा मुंबई-कोंकणांतील घरांचा रिवाज आहे. मुलांना पाण्यांत कोठवर सोडावें, हें त्यावरूनच ठरतें. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरीं सुटी घालविणाऱ्या कुटुंबास मात्र या रिवाजाचा उपयोग नाहीं. मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींतील अंतर चार मीटरांहून अधिक भरतें. नीसला तें वीत-दीड वीतच असतें.

याचें कारण भूमध्यसमुद्राच्या घडणींत आहे. अटलांटिक महासागराशीं त्याला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी अगदीं अरुंद जागीं सुमारें १४ किलोमीटर रुंद आहे. एवढ्या चिंचोळ्या दारांतून महासागराची भरती फारशी आंत शिरत नाहीं. शिवाय या समुद्राचें जेवढें पाणी वाफ होऊन जातें, तेवढें नद्या व पाऊस मिळून भरून काढीत नाहींत. म्हणून तें महासागराच्या पाण्याहून अधिक खारट असतें व डोळ्यांस चांगलेंच झोंबतें.

परंतु शांत समुद्र म्हणजे उथळ समुद्र नव्हे, आणि येथेंच वडील मंडळींची फसगत होते. नीसचा किनारा वाळूचा नसून गोल, करड्या गोट्यांचा आहे. त्याचा उतार असा तीव्र, कीं थोड्याच पावलांत लहान मुलाचे पाय टेकेनासे होतात. वारा सुटला म्हणजे लाट थेट कांठावर फुटते, पायांखालचे गोटे सरकतात आणि मोठ्या माणसाचाही तोल जातो. यासाठीं पाण्यांत वापरावयाचे रबरी जोडे सोबत न्यावे, आणि जीवरक्षकांच्या चौकीवरील निशाण पाहिल्यावांचून कोणींही उतरूं नये. हिरवें निशाण निर्धोकपणाचें, पिवळें सावधगिरीचें. तांबडें असेल तर स्नानास मनाई. मुलांना वाळूच हवी असल्यास पश्चिमेकडे आगगाडीनें आंतीब किंवा जुआं-ले-पें गांठावें.

दिवसाची आंखणीही तेथील उन्हाप्रमाणें करावी. सकाळ समुद्राची, भर दुपार विश्रांतीची. जूनअखेर सूर्य रात्रीं नवांनंतर मावळतो. तेव्हां संध्याकाळीं फिरावयास वेळ भरपूर मिळतो. पुष्कळ उपाहारगृहें दुपारीं दोनच्या सुमारास स्वयंपाक थांबवितात व सातपर्यंत चूल पेटवीत नाहींत. मधल्या वेळीं भूक लागल्यास जुन्या शहरांत ‘सोका’ मिळतो. हरभऱ्याच्या पिठाचें हें भाजलेलें धिरडें मराठी जिभेला परकें वाटणार नाहीं.

नीसची कीर्ति मूळची हिवाळ्याची. १८२० नंतरच्या दशकांत, थंडी टाळण्यास येणाऱ्या इंग्रजांनीं पैसे घालून किनाऱ्यालगत पायवाट करविली; तिचाच पुढें ‘प्रोमनाद दे आंग्ले’ हा प्रशस्त रस्ता झाला. १९३६ सालीं कायद्यानें फ्रान्समधील कामगारांस दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि समुद्रकिनाऱ्यावरील सुटी सामान्य कुटुंबांच्या आवांक्यांत येऊं लागली. आज जुलै-ऑगस्टांत तेथें दाटी असते. ज्यांना सवड आहे त्यांनीं सप्टेंबरचा प्रारंभ निवडावा. उन्हाळाभर तापलेलें पाणी तेव्हांही ऊबदार असतें, आणि गर्दी ओसरूं लागते.

ओळखीचा समुद्र भरती चढवून इशारा देतो. हा समुद्र तसा इशारा देत नाहीं. तें काम आईबापांनींच करावयाचें. मूल पाण्यांत असेतों एका वडील माणसानें हातांतलें पुस्तक मिटावें आणि त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभें राहावें. एवढें पथ्य पाळलें, कीं बाकीची सुटी निश्चिंतपणें उपभोगण्यास हरकत नाहीं.