व्यक्तिचित्र टिपताना : सावळा चेहरा, लेन्स आणि सेटिंग

वस्तीतल्या ज्येष्ठांच्या मुलाखती, सभा, मोर्चे, वाचनालयांचे उपक्रम यांचे दस्तऐवजीकरण आज आपले तरुण कार्यकर्तेच करत आहेत, ही आनंदाची बाब आहे. मात्र या छायाचित्रांत एक दोष वारंवार दिसतो. सावळा चेहरा एक तर काळपट पडतो, नाहीतर मोबाइल त्याला परस्पर गोरा करून टाकतो. म्हणून लेन्स आणि सेटिंगविषयी काही मूलभूत गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

या दोषाला इतिहास आहे. कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना 'शर्ली कार्ड' देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असायचे. तिची त्वचा नीट छापली गेली की रंग बरोबर, असे अनेक दशके मानले गेले. गडद रंग नीट येत नाहीत ही चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांची तक्रार फिल्म सुधारण्यामागे होती, असे अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी नोंदवले आहे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड आले ते १९९०च्या दशकात. तेव्हा तंत्रज्ञान तटस्थ असते असे समजून सगळे 'ऑटो'वर सोडणे बरे नाही.

आता उजेडाचे पाहू. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेवर आणू पाहते. आपल्या कार्यक्रमांत पांढरी साडी, पांढरा सदरा असतो. एवढा पांढरा रंग दिसला की मीटर उजेड कमी करते आणि चेहरा अंधारात जातो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवावे. उलट, सावळ्या चेहऱ्याने चौकट भरली असेल तर मीटर उजेड वाढवते आणि त्वचा फिकट दिसते, तेव्हा -०.३ ते -०.७ करावे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून बाजूचे सूर्याचे चिन्ह वर-खाली सरकवले की हेच काम होते. ब्युटी मोड मात्र आधी बंद करावा.

लेन्स निवडताना अंतराचा विचार पहिला. दोन फुटांवरून फोटो काढला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फूट मागे उभे राहावे आणि मोबाइलवर २एक्स किंवा ३एक्स वापरावे. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स व्यक्तिचित्राला उत्तम. फुल फ्रेमवर ८५ मिमी. नवी लेन्स परवडत नसेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स ५५वर ठेवूनही चांगले काम होते. माणसासोबत त्याचे घर, शिलाई मशीन किंवा पुस्तकांचे कपाट दाखवायचे असेल तर ३५ मिमी घ्यावी.

एकट्या व्यक्तीसाठी अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते एफ/४ ठेवावे आणि जवळच्या डोळ्यावर फोकस करावा. तिघे-चौघे असतील तर एफ/५.६ किंवा एफ/८. बोलताना हात आणि चेहरा हलतो, म्हणून शटर १/२०० सेकंदाच्या आसपास असावे. उजेड कमी पडला तर आयएसओ १६०० पर्यंत वाढवायला घाबरू नये. काळोखा फोटो नंतर उजळवला की दाणे जास्त दिसतात. निळ्या ताडपत्रीखाली चेहऱ्यावर निळी झाक येते. त्यामुळे शक्य असेल तर रॉ फाइल घ्यावी, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतो.

महागड्या फ्लॅशची गरज नाही. व्यक्तीला दाराजवळ किंवा खिडकीजवळ थोडे तिरके बसवावे, आतली ट्यूबलाइट बंद करावी आणि अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर धरावी. सावळ्या त्वचेवर बाजूच्या उजेडाची हलकी चमक येते आणि सुरकुत्या, गालाची हाडे, डोळे सगळे उठून दिसते.

शेवटी, फोटो त्या व्यक्तीला तिथेच दाखवावा. "हे तुम्हीच वाटता का?" असे विचारावे आणि प्रसिद्ध करण्याची परवानगी घ्यावी. रंग उजळ करून मागितला, तरी आधी नीट उजेडातला एक फोटो काढून दाखवावा. उद्या हीच छायाचित्रे घराच्या भिंतीवर लागतील आणि नातवंडे त्यांतूनच आजी-आजोबांना ओळखतील.