कडक रबर, पण कुठे?
बोनेटखाली : लेखांक 9

मागच्या आठवड्यात आपण पोर्शे 944 चे बॅलन्स शाफ्ट पाहिले. अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची उपजत थरथर मारण्यासाठी पोर्शेने मित्सुबिशीकडून पेटंटचा परवाना घेतला आणि क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन शाफ्ट बसवले. तरीही जी थरथर उरते ती केबिनपर्यंत जाऊ न देणं हे माउंटचं, म्हणजे आपल्या गॅरेजांतल्या भाषेत फाउंडेशनचं काम. 944 चं उत्पादन 1982 ते 1991 या काळात झालं. त्यातली सगळ्यात तरुण गाडीही आज तिशी ओलांडून गेली आहे, तेव्हा मूळ रबर शाबूत असेल अशी आशा धरू नये.

या गाडीचे इंजिन माउंट नुसत्या रबराचे नाहीत. आत द्रवाचे दोन कप्पे आणि त्यांना जोडणारी अरुंद वाट. इंजिन मोठा हेलकावा घेऊ लागलं की द्रवाला त्या वाटेतून जावं लागतं आणि हेलकावा जिरतो. रबर तडकलं की द्रव गळतो, माउंट खाली बसतो आणि त्याच्याबरोबर इंजिनही. एक्झॉस्टच्या बाजूचा माउंट बहुधा आधी जातो, कारण तो कायम भाजत असतो. सिग्नलला थांबल्यावर आरशातली मागची गाडी धूसर दिसायला लागली की समजावं.

इथे हौशी मालक हमखास एक गोष्ट करतो : एवीतेवी बदलायचेच आहेत, तर पॉलियुरेथेनचे कडक टाकू! त्याने काय होतं ते ढोबळ आकड्यांत पाहू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेरीला दोन स्फोट होतात. आयडलिंगला मिनिटाला 850 फेरे धरले तर सेकंदाला साधारण 28 धक्के. माउंटवर टेकलेल्या इंजिनाची स्वतःची झुलण्याची गती सेकंदाला 12 असेल, तर या धक्क्यांचा जेमतेम पाव हिस्सा बॉडीत उतरतो. आता माउंट चौपट कडक केला की ही गती दुप्पट होते, म्हणजे 24. ती 28 च्या इतकी जवळ आली की माउंट धक्का अडवायचं सोडून वाढवायला लागतो. डॅशबोर्ड खडखडतो, आरसा नाचतो. तीच गाडी 3000 फेऱ्यांवर मात्र गुळगुळीत वाटते, कारण तिथे धक्के सेकंदाला 100 असतात. विकणारा ती नेमकी तशीच चालवून दाखवतो.

बरं, कडकपणाची गरज तरी आहे का? पुढची चाकं ओढणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या छोट्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की चाकांच्या टॉर्कची सगळी प्रतिक्रिया इंजिनाला पिळते, तिथे कडक माउंटचा फायदा होतो. 944 मध्ये इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे आणि दोघांना जखडणारी टॉर्क ट्यूब. इंजिन एका बाजूला कलू पाहतं, गिअरबॉक्सचं कवच तितक्याच जोराने दुसऱ्या बाजूला, आणि हे भांडण ट्यूबच्या आतच मिटतं. माउंटच्या वाट्याला येते ती फक्त मागच्या चाकांची प्रतिक्रिया. ती इंजिनाचं नाक वर उचलू पाहते, पण व्हीलबेस 2.4 मीटर असल्याने मधला दांडा लांब, त्यामुळे जोर बेताचा.

म्हणून माझं मत सरळ आहे. रस्त्यावरच्या गाडीत पुढे मूळ पद्धतीचे द्रवाचे नवे माउंट घाला, महाग असले तरी. ॲक्सिलरेटर सोडताना बसणारा गचका खुपत असेल, तर मागचा, गिअरबॉक्सचा माउंट थोडा कडक घ्या. गिअरची गुणगुण जरा जास्त ऐकू येईल, एवढंच. पुढे ॲल्युमिनियमचे ठोकळे घालायचे ते ट्रॅकवरच्या गाडीत.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी मात्र करा. थरथर आयडलिंगला जास्त आणि वेग वाढताच कमी होत असेल तर माउंटवर संशय घ्या. फेऱ्यांबरोबर ती वाढतच गेली तर बॅलन्स शाफ्टच्या पट्ट्याचं टायमिंग चुकलेलं असू शकतं. तसं असेल तर फाउंडेशन बदलून काही उपयोग नाही.

काम करताना जॅक थेट ऑइल चेंबरला लावू नका, ते ॲल्युमिनियमचं आहे. शक्यतो इंजिन वरून दांड्याला टांगा. जॅकच वापरायचा असेल तर मध्ये रुंद फळी हवी. बोल्ट आधी हाताने बसवा, इंजिनाचं वजन माउंटवर पूर्ण आलं की मगच आवळा. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं. एक्झॉस्टच्या बाजूला उष्णता अडवणारा पत्रा असेल तर तो परत लावायला विसरू नका. आणि दोन्ही माउंट एकदमच बदला.