जुन्या सीडी-यंत्राचा जीर्णोद्धार

नाशिकांत गाण्याची आवड असलेल्या जुन्या घरांतून पाहिलें, तर दिवाणखान्याच्या एखाद्या कोनाड्यांत, विणलेल्या रुमालाखालीं झांकून ठेवलेलें सीडी वाजविण्याचें यंत्र अद्यापि आढळतें. कोणाच्या काकांनीं तें 1985 ते 1995 च्या दरम्यान जपानांतून आणलेलें असतें, कोणाच्या मामांनीं अमेरिकेहून किंवा आखातांतून. मुलांना आतां खिशांतील फोनवर गाणें ऐकूं येतें. पण वडीलधाऱ्यांनीं एकेक करून जमविलेल्या तबकड्या कपाटांत आहेतच, आणि एके दिवशीं यंत्र तबकडी घेईनासें झालें कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्यास द्या. दुसरा, हा बहुधा कॉलेजांत जाणारा पुतण्या असतो, म्हणतो कीं आंतील भाग बदलून याचा आवाज पहिल्याहूनहि चांगला करून दाखवितों. आमची सहानुभूति पुतण्याकडे आहे; मात्र त्याच्या हातीं स्क्रूड्रायव्हर देण्यापूर्वीं चार गोष्टी सांगणें अवश्य वाटतें.

हॉलंडची फिलिप्स व जपानची सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून या तबकडीचें प्रमाण ठरविलें, आणि 1 ऑक्टोबर 1982 रोजीं सोनीचें पहिलें यंत्र जपानांत विक्रीस आलें. आवाजाचें दर सेकंदास 44,100 वेळां मोजमाप घेऊन तीं मापें आंकड्यांच्या रूपानें तबकडीवर उठविलेलीं असतात. ग्रामोफोनची सुई बाहेरून आंत जाते. येथें डोळ्यांस न दिसणारा लेसरचा किरण आंतून बाहेर वाचीत जातो. कांहीं आंकडे ओरखड्यांत सांपडले, तरी रेषेच्या दिशेनें सुमारें अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट यंत्र गणितानें तंतोतंत भरून काढतें. म्हणून लेसरचा भाग एक तर बिनचूक वाचतो, नाहीं तर अडखळतो. तो कधीं 'अधिक गोड' वाचीत नाहीं. आवाजाचा बरेवाईटपणा ठरतो तो पुढें, आंकड्यांचें पुन्हा विद्युत्‌-लहरींत रूपांतर होतें तेथें. हा भेद ध्यानांत न ठेवल्यामुळें पुष्कळ पैसा नको त्या ठिकाणीं खर्च होतो.

आमचें पहिलें सांगणें असें कीं सुधारणेच्या आधीं दुरुस्ती. तीस-पस्तीस वर्षांत लेसरच्या भिंगावर धूळ बसते, तो भाग ज्या दांडीवरून सरकतो तिच्यावरील ग्रीस चिकट होतें, आणि कप्प्याचा रबरी पट्टा सैल पडतो. नाशिकच्या पावसाळ्यांतील दमट हवेंत भिंग धुरकटतें तें वेगळेंच. कापसाच्या बोळ्यावर थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हातानें भिंग पुसलें आणि दांडीवर नवें ग्रीस लावलें, एवढ्यानेंच कित्येक 'मेलेलीं' यंत्रें उठून बसतात. कांहीं कारागीर मात्र हें न करतां लेसरचा प्रवाह वाढविण्याचा बारीक स्क्रू फिरवून देतात. यंत्र त्या दिवशीं झकास वाजतें, गिऱ्हाईक खूष होतें, आणि कांहीं महिन्यांत लेसर कायमचा निकामी होतो. जुन्या जातींचे लेसर आतां नवे तयार होत नाहींत, हें लक्षांत घेतां हा उपाय औषधाच्या नांवाखालीं विष देण्यासारखा आहे. यंत्र चालू असतांना भिंगांत डोकावूं नये, हेंहि मुलांना बजावून ठेवावें. किरण दिसत नाहीं म्हणून तो निरुपद्रवी नव्हे.

दुसरें दुखणें इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचें. त्यांतील द्रव उष्णतेनें वाळत जातो. तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें. त्यामुळें ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेलें यंत्र लवकर म्हातारें होतें. फिलिप्सच्या अगदी आरंभीच्या यंत्रांत आणखी एक खोड आहे: पट्टीच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या पोकळ रिव्हेटांच्या डागांस कालांतरानें तडे जातात, आणि यंत्र कधीं चालतें, कधीं रुसतें. रिव्हेटमधून बारीक तार ओवून दोन्ही बाजूंस डाग दिला कीं हा रुसवा जातो. जपानांतून आणलेलें यंत्र 100 व्होल्टांचें असतें, याचा विसर पडून तें आपल्या 230 व्होल्टांस जोडलें, तर जीर्णोद्धाराचा प्रश्नच उरत नाहीं.

एवढें झाल्यावर खऱ्या अर्थानें 'सुधारणा' सुरू होते. हौशी लोक आवाजाच्या वाटेवरील ऑपॅम्प बदलून कमी कुरकूर करणारे घालतात, आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून फिल्मचे बसवितात. सातपूरच्या वसाहतींत कपॅसिटरांचा मोठा कारखाना आहे, पण तेथील माल मुख्यतः विजेच्या भारी कामाचा. या नाजूक कामाचे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणणें बरें. फिलिप्सची टी.डी.ए. 1541 ही रूपांतर करणारी चिप 1985 च्या सुमारास आली, आणि तिच्या मुकुटाची खूण असलेल्या निवडक नगांस आज रसिक वाटेल तें मोल देतात. परिणाम असा कीं साध्या चिपांवर मुकुट छापून विकणारे निघाले, आणि एका यंत्राच्या शृंगारासाठीं दुसरें चांगलें चालतें यंत्र फोडलें जाऊं लागलें. हा दुसरा प्रकार आम्हांस अधिक खेदाचा वाटतो.

पण या खटाटोपानें आवाज खरोखर सुधारतो काय? 2007 सालीं अमेरिकेंत मेयर व मोरान या दोघांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अधिक सूक्ष्म मापाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेंत सीडीच्या मापाची पायरी घातली, तर ती कानास कळते कां, हें त्यांनीं श्रोत्यांना न सांगतां तपासलें. 554 वेळांपैकीं बरोबर उत्तरें सुमारें निम्मीं आलीं. नाणें उडवूनहि तेवढींच आलीं असतीं. यावरून सीडीचें माप अपुरें नाहीं एवढें दिसतें. जुन्या यंत्रांतील वाळलेला कपॅसिटर कळत नाहीं असें मात्र यावरून ठरत नाहीं. शिवाय कान फार भोळा असतो. आवाज किंचित्‌ मोठा झाला कीं तो त्यालाच 'मोकळा' समजतो, आणि स्वतःच्या हातानें डाग दिलेला असला म्हणजे तर विचारूंच नका!

यासाठीं एक घरगुती परीक्षा सुचवितों. नवे भाग प्रथम उजव्या वाहिनीसच घालावे, डावी तशीच ठेवावी. नंतर एखादें जुनें, एकवाहिनी गाणें लावावें. विष्णु दिगंबरांनीं नाशिकांत रामनाम-आधाराश्रम चालविला. त्यांचे चिरंजीव बापूराव पलुस्कर 1955 सालीं अवघ्या 34 व्या वर्षीं निवर्तले. बापूरावांचें तीन-साडेतीन मिनिटांच्या ग्रामोफोन तबकड्यांवरून सीडीवर उतरविलेलें गाणें या कामास उत्तम, कारण त्यांत दोन्ही वाहिन्यांवर तेंच असतें. एकाच स्पीकरला कधीं डावी, कधीं उजवी वाहिनी जोडावी. जोडणाऱ्यानें पडद्याआड राहावें, आणि ऐकणाऱ्यांनीं कागदावर लिहावें. आजीबाईंपासून धाकट्या सुनेपर्यंत सर्वांनीं बसावें. वीस वेळांपैकीं पंधरा-सोळा वेळां उत्तर जुळलें, तर पुतण्यास दुसऱ्या वाहिनीसाठीं पैसे खुशाल द्यावे. मूळ तबकडीची खरखर मात्र कोणत्याहि कपॅसिटरनें जाणार नाहीं, आणि बापूरावांच्या तानेंत तिची आठवणहि राहत नाहीं.

यंत्रास आंकडे बाहेर देणारें भोंक असेल, तर तेथून नव्या रूपांतरकास तार जोडणें हा सर्वांत सोपा मार्ग. यंत्र फोडावें लागत नाहीं. पट्टीचे शौकीन म्हणतील कीं मग जुन्या यंत्राचा स्वतःचा आवाज कोठें राहिला? त्यांचें म्हणणें खरें आहे, पण ज्याच्या घरीं लेसर तेवढा धड आहे, त्यानें यांतच समाधान मानावें.

कपाटांतील छापील तबकड्या पुन्हा मिळूं शकतील, परंतु 2000 सालानंतर घरोघरीं संगणकावर करून घेतलेल्या तबकड्यांचें तसें नाहीं. आजोबांचें कीर्तन, मुंजींतील मंगलाष्टकें, एखाद्या आत्याच्या आवाजांतील ओव्या अशा एकमेव प्रती त्यांवर असतात, आणि त्यांतील रंगाचा थर ऊन व उष्णतेनें फिकटत जातो. यंत्र उघडण्यापूर्वीं यांची नक्कल संगणकावर करून दोन ठिकाणीं ठेवावी. तोंवर त्या उभ्या, सावलींत ठेवाव्या, आणि वरच्या बाजूवर बॉलपेननें नांव लिहूं नये. आवाज असतो तो त्याच बाजूस, वार्निशाच्या पातळ थराखालीं.