यात्रेच्या शिदोरीतील गॅसची टाकी

दिवाळी आटोपली, रब्बीची पेरणी उरकली की बीड जिल्ह्यातील गावोगावच्या ज्येष्ठ मंडळींना यात्रेचे वेध लागतात. कोणी काशी-गया-अयोध्येला निघते, कोणी रामेश्वरला, तर कोणी नेपाळात पशुपतिनाथापर्यंत जाऊन येते. आषाढीच्या सुमारास संत मुक्ताईंची पालखी बीडवरून पंढरीकडे जाते, तेव्हा दिंड्यांमागे शिध्याच्या गाड्याही चालू लागतात. पीठ, डाळ, तेलाचा डबा यांच्या सोबतीला आता बहुतेक ठिकाणी गॅसची टाकी असते.

या टाकीमागे एक रास्त गरज आहे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे दुखणे अथवा कवळी यांमुळे ज्येष्ठांना बाहेरचे तिखट-तेलकट अन्न मानवत नाही. मऊ भात, अळणी वरण आणि गरम पाणी वेळेवर मिळाले तरच त्यांचा प्रवास सुखाचा होतो. म्हणून आचारी आणि टाकी बरोबर घेतली जाते. गरज रास्त असली तरी टाकी कोणती, ती कोणी भरलेली आणि ती कोठे पेटवली जाते, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ही चौकशी न झाल्यास काय घडू शकते, हे २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला दिसले. लखनौहून दक्षिणेच्या तीर्थाटनाला निघालेल्या प्रवाशांचा खास आरक्षित डबा स्थानकाजवळ उभा होता. नियम मोडून डब्यात आणलेल्या गॅसच्या टाकीमुळे पहाटे आग भडकली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला.

रेल्वेत टाकी नकोच

परळीहून रेल्वेने प्रवास करण्याची आपल्या जिल्ह्याला जुनी सवय आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड शहरही अहिल्यानगरशी रेल्वेने जोडले गेले. त्यामुळे यापुढे अधिक ज्येष्ठ रेल्वेने यात्रेला जातील. त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. टाकी, स्टोव्ह, रॉकेल अशा ज्वालाग्राही वस्तू डब्यात नेणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘फक्त चहापुरती’ म्हणून नेलेली लहान टाकीही त्यात येते.

भरून घेऊ नये, बदलून घ्यावी

रस्त्याने जाताना प्रवाशांच्या बसमध्ये टाकी ठेवूच नये. स्वयंपाकाचे सामान वेगळ्या टेम्पोत असावे आणि त्यात टाकी उभी, पक्की बांधलेली असावी. खरा धोका असतो तो बाजारात मिळणाऱ्या, कोणत्याही कंपनीच्या नसलेल्या लहान टाकीचा. घरगुती टाकीतून नळी लावून ती दुकानातच भरून दिली जाते. असा भरणा बेकायदा आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टाकीतील द्रवरूप गॅस उष्णतेने प्रसरण पावतो, म्हणून वर मोकळी जागा राखावीच लागते. युरोपात फिरतीच्या घरगाडीतून प्रवास करणारे लोक पंपावर भरता येणाऱ्या टाक्या वापरतात. परंतु त्या टाक्या ८० टक्के भरताच आतली झडप भरणा आपोआप थांबवते. आपल्याकडील बाजारी टाकीत अशी झडप नसते. ती काठोकाठ भरली गेली आणि वैशाखाच्या उन्हात टपावर तापली, तर फुटण्याची भीती असते.

याला सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. तेल कंपन्यांच्या पाच किलोच्या टाक्या (इंडेनची ‘छोटू’, एचपीची ‘अप्पू’, भारतगॅसची ‘मिनी’) केवळ ओळखपत्र दाखवून घेता येतात. रिकामी झाल्यावर त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे ती देऊन भरलेली घ्यावी. टाकी घेताना झाकणावरचे सील पाहावे, ती वजन करून घ्यावी आणि कड्याच्या पट्टीवरील चाचणीची मुदत वाचावी. तेथे ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये.

वय आणि वास

गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. मात्र वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते. त्यामुळे आजी-आजोबांना वास आला नाही, एवढ्यावरून गळती नाही असे समजू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि धर्मशाळेत ज्येष्ठांच्या पथाऱ्या तेथेच असतात. म्हणून जोडणी तपासताना साबणाचे पाणी लावावे, काडी ओढून कधीही पाहू नये. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, विजेच्या बटणाला हात लावू नये, सर्वांना बाहेर न्यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

बदरीनाथ वा काठमांडूच्या थंडीत खोली उबदार राहावी म्हणून दारे-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवण्याचा मोह होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच वाटतात आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. वृद्धांची त्वचा पातळ असते, त्यामुळे लहान वाटणारी भाजणीही डॉक्टरांना दाखवावी.

सोबत रुग्णाचा ऑक्सिजन असेल तर तो शेगडीपासून दूरच ठेवावा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण साधी ठिणगीही भडकवतो. मास्कला वा झडपेला तेल, तूप, मलम लागू देऊ नये. रेल्वेने जाताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे आणि विमान कंपनीची परवानगी तिकीट काढण्यापूर्वीच घ्यावी.

सीमेपलीकडे

विमानात स्वयंपाकाच्या गॅसची टाकी कोणत्याही सामानातून नेता येत नाही. नेपाळला भारतातूनच गॅस जातो, परंतु तेथील टाक्या तेथील कंपन्यांच्या असतात. आपली टाकी तेथे बदलून मिळेल असे गृहीत धरू नये. ती सीमेअलीकडेच ठेवावी आणि जेथे स्वयंपाकघर वापरू देतात असा मुक्काम आधी ठरवावा. युरोपात तर देशागणिक टाकीची जोडणी बदलते. मुलांकडे गेलात तर तेथील टाकी व रेग्युलेटर तेथूनच घ्यावेत.

एकेका दिवसाच्या टप्प्यासाठी दशम्या, धपाटे, मेतकूट, सातूचे पीठ आणि थर्मासमधील गरम पाणी पुरेसे होते. रक्तदाबाच्या रुग्णांनी चटणी-लोणच्यातील मिठाकडे लक्ष द्यावे.

घरातील वडीलधाऱ्यांचे यात्रेचे पैसे भरण्यापूर्वी संयोजकांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: टाकी कोणत्या कंपनीची आहे? ती कोणत्या गाडीतून जाणार? स्वयंपाक उघड्यावर होणार की बंद जागेत? उत्तरे समाधानकारक नसतील तर दुसरे संयोजक पाहावेत. यात्रा महिनाभराने लांबली तरी हरकत नाही.