बिनसुळ्यांच्या हत्तिणी

शिकाऱ्यांनी सुळे कापले म्हणून पुढची पिल्लं बिनसुळ्यांची जन्मली, असं मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातल्या हत्तींबद्दल सर्रास सांगितलं जातं. हत्तींनी जीव वाचवण्यासाठी सुळे टाकून दिले, असंही कुणी म्हणतं. दोन्ही चूक. कापलेल्या सुळ्याची खबर जनुकांपर्यंत पोहोचत नाही आणि गरज पडली म्हणून हवा तो जनुकीय बदल घडूनही येत नाही.

तो बदल कळपात आधीपासूनच होता. आफ्रिकेत हत्तिणींनाही सुळे असतात, पण गोरोंगोसात सुमारे १८ टक्के माद्या मुळातच बिनसुळ्यांच्या होत्या. १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले. नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती संपले. बिनसुळ्यांच्या माद्या वाचण्याची शक्यता मात्र पाचपटीहून जास्त होती. युद्धानंतर त्यांचं प्रमाण ५१ टक्क्यांच्या घरात गेलं.

‘ही तर नुसती छाटणी, उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात,’ असा आक्षेप यावर येतो. पण युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही सुमारे ३३ टक्के बिनसुळ्यांच्या निघाल्या. म्हणजे छाटणीचा परिणाम पुढच्या पिढीत उतरला, आणि उत्क्रांती म्हणतात ती हीच.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे, अनुकूलन झालं की प्राणी ‘सुधारतो’. २०२१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने इथली किंमत दाखवून दिली. बिनसुळ्यांचे नर तिथे दिसतच नाहीत. संशोधकांना एक्स गुणसूत्रावरच्या, दातांचं एनॅमल घडवणाऱ्या जनुकाजवळ खुणा सापडल्या. मादीकडे दोन एक्स असतात. एकावर हा बदल असला तरी दुसरा तिला सांभाळून घेतो. नराकडे एकच एक्स. बदल त्यावर आला, तर गर्भ बहुधा जन्माआधीच दगावतो.

हिशेब मांडून बघा. बिनसुळ्यांच्या मादीला चार गर्भ राहिले, दोन मुली आणि दोन मुलगे. मुलींपैकी एक आईसारखी, दुसरी सुळेवाली, दोघी जगतात. मुलग्यांपैकी एकच जगतो. जन्मणाऱ्या तिघांत दोन मुली. गोरोंगोसात बिनसुळ्यांच्या मातांची पिल्लं मोजली, तेव्हा मुलींचं प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपासच भरलं.