परतीच्या वाटेवरील बाटली

बडोद्याला समुद्र नाही. तेथील मराठी कुटुंबास जलपर्यटनाची हौस भागवावयाची झाली, म्हणजे आगगाडीने मुंबई गाठावी लागते. जहाजावर मद्य महाग. तेव्हा मुंबईत घेतलेली वाइनची बाटली सोबत न्यावी, असे कित्येकांच्या मनात येते. अनेक जहाजकंपन्या चढतेवेळी प्रत्येक प्रौढ प्रवाशास ७५० मिलिलिटरची एक बाटली नेऊ देतात. काही मुळीच नेऊ देत नाहीत. ती भोजनगृहात उघडल्यास नुसत्या बूच काढण्याचेही दाम पडते! इतर मद्य बहुधा ताब्यात घेऊन सफरीअखेर परत करतात.

खरी अडचण येथून पुढे आहे. परत मिळालेली बाटली पिशवीत घालून बडोद्याची गाडी धरली, की उंबरगावपाशी गुजरातची हद्द लागते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा या राज्याने १९६० साली स्थापनेपासून तसाच चालविला. २०११ मध्ये त्याचे नाव तेवढे बदलले. बाटलीचे सील शाबूत आहे, पावती खिशात आहे, परदेशाहून येताना जकातखात्याने दोन लिटरपर्यंत सूट दिली आहे, यांपैकी काहीही तेथे परवान्याची जागा घेत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मद्याच्या बेकायदा वाहतुकीस दहा वर्षांपर्यंत कारावास ठेविला आहे. परप्रांतीय पाहुण्यास परवाना मिळू शकतो. ख्रिस्ती उपासनेतील द्राक्षरसासाठीही कायद्यात तरतूद आहे, पण ती वेदीपुरतीच. सफरीहून घरी परतणारा बडोदेकर या दोहोंतही बसत नाही. त्याने आपली बाटली जहाजावरच संपवावी, अथवा उतरताना परत मागू नये.