हात गुंतलेले, कान मोकळे

अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायकांचे पॉडकास्ट ऐकायला घेतले, तर बऱ्याचदा पहिली दहा मिनिटे क्विल्टविषयी काहीच कानावर पडत नाही. बर्फ किती पडला, मुलगी सुट्टीला घरी आली, नवऱ्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कशी झाली, गटातल्या एका मैत्रिणीला कर्करोग झाल्याचे कळले आणि सगळ्या मिळून तिच्यासाठी पांघरूण शिवताहेत. मग कुठे आठवड्यात काय कापले, काय जोडले, कोणता चौकोन उसवावा लागला याचा हिशेब सुरू होतो. नव्या श्रोत्याला वाटते, ही बाई मुद्द्यावर येणार तरी कधी? माझे म्हणणे असे, की ती पहिल्या वाक्यापासून मुद्द्यावरच असते. का, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

क्विल्ट म्हणजे काय, हे मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर, खाली अस्तर, आणि या तिन्हींना एकत्र धरून ठेवणारे टाके. आपल्या गोधडीत किंवा वाकळीत मधला थरही बहुधा जुन्या लुगड्या-धोतरांचाच असतो. तिकडे मात्र तुकडे जोडणे आणि थर शिवणे ही दोन वेगळी कामे. तुकडे एकटीला दिव्यापाशी बसून जोडता येतात. थर शिवायचे तर ते लाकडी चौकटीवर ताणावे लागतात, आणि एवढ्या मोठ्या चौकटीभोवती चार-सहा जणी बसल्या तर काम लवकर उरकते. या बैठकीला ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. शेतावरच्या आपल्या इर्जिकीची ही घरातली बहीण म्हणायला हरकत नाही: आज तुझे, उद्या माझे, आणि ज्या घरचे काम त्या घरी जेवण.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. गरीब वसाहतकरी बायका थंडीपासून वाचण्यासाठी चिंध्या जोडत बसल्या आणि त्यातून ही कला जन्मली, अशी गोष्ट अमेरिकेत शाळेपासून सांगितली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेतली सुरुवातीची क्विल्ट्स बहुतेक सुखवस्तू घरांतली आहेत, कारण कापड महाग होते आणि रिकामा वेळ त्याहून महाग. गिरण्यांचे छापील सुती कापड स्वस्त झाले तेव्हा, म्हणजे १८३०-४०च्या सुमारास, तुकडाजोड क्विल्ट घरोघरी पोचले. चिंध्यांची गोष्ट आपल्या गोधडीला अधिक खरी लागू पडते.

आता बातमीकडे. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावाजवळ १८३७ साली गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या बाईची दोन क्विल्ट्स आज शिल्लक आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत, दुसरे बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात. पहिले १८८६ साली अथेन्सच्या कापूस-मेळ्यात मांडले होते. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेने ते विकत मागितले, तेव्हा पॉवर्सने साफ नकार दिला. पुढे दिवस वाईट आले. तिने स्वतःच ते विकायला काढले, दहा डॉलर सांगितले आणि पाचावर समाधान मानले. देताना तिने प्रत्येक चौकोनात काय आहे ते सांगितले आणि स्मिथबाईंनी ते लिहून ठेवले. विकल्यानंतरही पॉवर्स ते बघायला त्यांच्याकडे येत असे.

बोस्टनच्या क्विल्टमध्ये पंधरा चौकोन आहेत. काही बायबलमधल्या कथांचे, काही चक्क बातम्यांचे. १९ मे १७८० रोजी ईशान्य अमेरिकेत भरदिवसा अंधार पडला, तो एका चौकोनात. १३ नोव्हेंबर १८३३च्या रात्री आकाशातून उल्कांचा पाऊस पडला आणि जग बुडाले असे लोकांना वाटले, तो दुसऱ्यात. फेब्रुवारी १८९५मधली जीवघेणी थंडी आणखी एकात. आणि जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळालेली एक डुकरीणही आहे! या बाईच्या जन्माआधी सत्तावन्न वर्षे घडलेला अंधार आणि चार वर्षे आधीचा उल्कापात तिच्यापर्यंत पोचला तो लोकांच्या तोंडून. कुणी कुणाला सांगितले, तिने ऐकले, कापडात कापले. पण नुसते ते कापड बघून आपल्याला काय कळले असते? तारे, हात वर केलेली माणसे, एक डुक्कर. अर्थ लावता येतो तो केवळ तिने तोंडी सांगितले आणि कुणीतरी ते टिपून घेतले म्हणून.

क्विल्टचे निम्मे कापड असते आणि निम्मे सांगणे. कापड जपले तर शंभर वर्षे टिकते. सांगणे मात्र सांगणारीबरोबर जाते.

ते गेल्यावर काय होते, याचे दोन दाखले आहेत. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाईन आणि गेल व्हान डर हूफ यांनी जमवलेली क्विल्ट्स आधुनिक चित्रांसारखी भिंतीवर टांगली गेली. प्रदर्शन गाजले. क्विल्टला कला म्हणून मान मिळाला तो तिथून, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण भिंतीवर होते ते रंग आणि आकार. शिवणाऱ्या बायकांची नावे बहुतेकींची ठाऊक नव्हती, आणि चित्र म्हणून बघायचे तर ती असण्याची गरजही कुणाला भासली नाही. ‘कारागीर अज्ञात’ ही पाटी संग्रहालयांत क्विल्टखाली इतक्या वेळा दिसते, की तेच एखाद्या बाईचे नाव असावे असे वाटू लागते.

दुसरा दाखला उलट्या बाजूचा. १९९९ साली ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ या पुस्तकाने एक गोष्ट जगभर नेली: गुलामांना पळून जाण्याची वाट दाखवण्यासाठी कुंपणावर क्विल्ट्स वाळत घालत आणि त्यांवरच्या आकृत्यांत सांकेतिक संदेश असत. पुस्तकाचा आधार होता चार्ल्सटनमध्ये क्विल्ट विकणाऱ्या एका बाईने सांगितलेली आठवण. इतिहासकारांनी तपास केला. पळून आलेल्यांच्या आत्मकथनांत आणि १९३०च्या दशकात पूर्वीच्या गुलामांच्या ज्या शेकडो मुलाखती घेतल्या गेल्या त्यांत या संकेतांचा पत्ता नाही. काही आकृत्या तर त्या काळानंतरच्या. तरीही ही गोष्ट शाळाशाळांत शिकवली गेली, कारण ती सुंदर आहे आणि त्या बायकांना शहाणपण बहाल करते. खऱ्या बायकांचे खरे बोलणे टिपलेले नसले, की रिकामी जागा अशी भरली जाते. त्या बायकांनी काय शिवले, कशासाठी शिवले, हे ज्यांना विचारता आले असते त्यांना फार थोड्यांनी विचारले.

विचारले की काय मिळते, ते अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीवरून दिसते. अलाबामा नदीच्या वळणात तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन गेले. त्याआधीच, १९६२ साली, नदीपार तालुक्याच्या गावी जाणारी तर बंद पडली होती. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. मधल्या काळात मतदानाची नोंद करायची असो की बाजारहाट, लांबचा वळसा होता. १९६६ साली आसपासच्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात जीज बेंडची क्विल्ट्स मांडली गेली, तीही चित्रांसारखीच भिंतीवर. या वेळी मात्र शिवणाऱ्यांची नावे आणि त्यांचे बोलणे सोबत होते. त्यांतले एक मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा वारल्यावर शिवलेले. त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून त्यांनी ते जोडले, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या पांघरुणाखाली झोपता यावे म्हणून. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्या मुलीने, आर्लोन्झिया पेटवे यांनी, ते सांगितले. तिने सांगितले नसते, तर निळ्या-करड्या विटक्या पट्ट्यांची एक सुरेख रचना एवढेच उरले असते. आजीच्या लुगड्याच्या गोधडीत वाढलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही.

नावच टाक्यांत घालायचे, हा यावरचा एक तोडगा अमेरिकेतल्या बायकांनी फार पूर्वी काढला होता. न पुसणारी शाई मिळू लागल्यावर १८४०च्या दशकात सह्यांच्या क्विल्ट्सची लाट आली. पश्चिमेकडे निघालेल्या मैत्रिणीला प्रत्येकीने आपल्या नावाचा एक चौकोन करून द्यायचा. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी पैसे घेऊन क्विल्टवर नावे घातली गेली. या परंपरेचे सर्वांत मोठे रूप ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर पसरले गेले. क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून एड्सने गेलेल्यांच्या नावांचे १,९२० तुकडे तिथे जोडलेले होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. ज्यांच्या अंत्यविधीलाही अनेकदा घरचे आले नव्हते, त्यांची नावे कुणीतरी शिवली. आज त्या क्विल्टमध्ये जवळपास पन्नास हजार तुकडे आहेत आणि वजन चोपन्न टन.

पॉडकास्ट या सगळ्यात कुठे बसतो? हा शब्द २००४ साली एका ब्रिटिश वृत्तपत्रात प्रथम छापून आला, पुढच्या वर्षी आयट्यून्सवर पॉडकास्ट मिळू लागले, आणि क्विल्टवाल्या बायका जवळजवळ लगेच तिथे पोचल्या. तंत्राला बुजणाऱ्या वयाच्या बायका इतक्या लवकर कशा आल्या, याचे काहींना नवल वाटले. कारण साधे आहे. शिवताना डोळे आणि हात गुंतलेले असतात, टीव्हीकडे बघितले की सुई बोटात जाते. कान मात्र मोकळे असतात. शिवाय शिवणयंत्रे आणि लांब हाताची क्विल्टयंत्रे आल्यापासून थर शिवायलाही चार जणी लागेनात. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा कटर काढला आणि कात्रीने तासभर चालणारे काम मिनिटांवर आले. काम सोपे झाले, पण चौकटीभोवतीची माणसे गेली. त्यांची जागा कानातल्या आवाजाने घेतली. आपल्याकडे जात्यापाशी हात गुंतलेले असत आणि तोंड मोकळे, म्हणून ओव्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून त्या लाखभर ओव्या गोळा केल्या नसत्या, तर पिठाच्या गिरणीने जात्याबरोबर त्याही नेल्या असत्या.

पॉडकास्टवर ऐकू येणारी भाषाही पाहण्यासारखी आहे. अर्धवट राहिलेल्या कामांना त्या ‘यूएफओ’ म्हणतात. साठवून ठेवलेल्या कापडाला ‘स्टॅश’, म्हणजे जवळजवळ चोरून दडवलेला माल. नवऱ्याला त्याचा खरा आकडा सांगायचा नसतो हा ठरलेला विनोद. या विनोदांतून, हवापाण्यातून, आजारपणातून एक जाळे विणले जाते. कुठे वादळात घरे गेली की पांघरुणांची पार्सले निघतात. २०२० साली मुखपट्ट्या मिळेनात, तेव्हा याच स्टॅशमधले सुती कापड बाहेर आले आणि देशभर घरोघरी मुखपट्ट्या शिवल्या गेल्या. असे आवाहन परक्या संस्थेने केले असते, तर इतक्या लवकर हात हलले असते असे मला वाटत नाही. जिच्या गुडघेदुखीची हकीकत तुम्ही वर्षभर ऐकली आहे, ती सांगते तेव्हा तुम्ही उठता.

तरी या बोलण्याचे आयुष्य कापडापेक्षा फार कमी आहे. सर्व्हरचे भाडे थकले, पॉडकास्ट चालवणारी बाई वारली, कंपनीने सेवा बंद केली, की सगळे भाग एका दिवसात नाहीसे होतात. उल्कापाताची बातमी पॉवर्सच्या कापडात सव्वाशे वर्षे टिकली आहे. म्हणून १९९९ साली सुरू झालेल्या ‘क्विल्टर्स सेव्ह अवर स्टोरीज’ या उपक्रमाचे महत्त्व मोठे. त्यांनी हजाराहून अधिक मुलाखती ध्वनिमुद्रित करून लिहून काढल्या आहेत. पद्धत अगदी साधी. शिवणारीने आपले एक क्विल्ट बरोबर आणायचे, आणि बोलणे त्यापासून सुरू करायचे: इतक्यांमधून हेच का आणले? पाऊणएक तासात बाळंतपणे, स्थलांतरे, घटस्फोट, युद्धे, सगळे निघते. त्याच्याही आधी, १९८१ साली, केंटकी राज्यात गावोगावी क्विल्ट-दिवस भरवून लोकांना घरातली क्विल्ट्स घेऊन यायला सांगितले गेले. प्रत्येकाचे छायाचित्र, माप आणि माहीत असेल तेवढा इतिहास नोंदवला. नंतर एकेक राज्याने तेच केले.

आपल्याकडे गोधडीवर नाव घालायची रीत नाही, आणि ती घालायला लावणे हा थोडा आगाऊपणाही होईल. घरातले पांघरूण म्हणून शिवलेल्या वस्तूवर कुणी सही करत नाही. पण केंटकीची पद्धत इथे सहज जमेल. एखाद्या शाळेचा वर्ग, एक दुपार, मोबाइलवरचा ध्वनिमुद्रक. मुलांनी घरून गोधडी आणायची आणि जिने शिवली ती असेल तर तिलाही. मधल्या थरात काय भरले आहे, हे तिच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, कारण ते वरून दिसत नाही.